सुरुंगवाल्याची लेक

ठिणगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. दगडाच्या खाणीवरच्या कामगारांनी ते पाडलं. बाप खाणीत सुरुंग उडवायचा आणि पोर बोलता बोलता पेटायची. सुरुंगवाल्याच्या घरी ठिणगीच जन्मायची, अशी थट्टा झाली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे ती शिकली, एका संशोधन संस्थेत रसायनशास्त्रज्ञ झाली, खोलीच्या दारावर पदव्यांची पाटी लागली, तरी जवळची माणसं तिला ठिणगीच म्हणत आणि तीही ओ देई.

बापाचा हात जड होता. दिवसभर कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात राबून तो घरी यायचा आणि घरात जरा खुट्ट झालं की उठायचा. पट्टा, चप्पल, बादली, जे हाताला लागेल ते. आईचा डावा कान त्यानं एका थपडेत कायमचा बंद केला. कारण काय, तर अंघोळीचं पाणी कोमट होतं. अशा वेळी धाकटा भाऊ पलंगाखाली सरकायचा आणि ठिणगी पलंगापुढे उभी राहायची. पट्टा तिच्या पिंढऱ्यांवर बसायचा, पलंगाखाली पोचायचा नाही. मार संपला की धाकटा रांगत बाहेर यायचा आणि तिच्या पायांवरच्या वळांवर फुंकर घालायचा.

ती कॉलेजात गेली त्या वर्षी बापानं आईला केसांना धरून भिंतीवर आपटलं. एकदा आपटलं, परत आपटलं. पुन्हा हात मागे नेला तेव्हा ठिणगीनं दाराचा लोखंडी अडसर उचलला आणि त्याच्या मनगटाच्या वर घातला. वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज झाला. बाप मटकन खाली बसला. मोडका हात मांडीवर घेऊन तो तिच्याकडे बघत राहिला आणि मग चक्क हसला.

"माझीच आहे गं ही," तो आईला म्हणाला. "थेट माझ्यावर गेलीय."

त्यानंतर ठिणगी घरात असली की त्याचा हात उठला नाही. पण ते वाक्य तिला पट्ट्यापेक्षा जास्त झोंबलं. काही वर्षांनी एक न उडालेला सुरुंग बघायला बाप वाकला आणि नेमका तेव्हाच तो उडाला. ओळख पटवायला धाकट्याला जावं लागलं. परत आला तेव्हा त्याच्या अंगाला धुळीचा आणि जळक्या केसांचा वास येत होता. घरात कुणी रडलं नाही. आईनं फक्त त्याचे कपडे वेगळे भिजत घातले.

संस्थेत ठिणगीच्या वाट्याला आलेलं काम ऐकायला कोरडं होतं. मेंदूत तयार होणारा एक छोटासा पेप्टाइड असतो, म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. हिच्यात कड्या नऊच. पहिली आणि सहावी कडी गंधकाच्या आकड्यानं एकमेकींत अडकलेली, म्हणून पुढे वेटोळं आणि मागे आखूड शेपटी. एवढीशी साखळी, पण तिचा निरोप ऐकायला शरीरात तीन तऱ्हेचे रिसेप्टर बसलेले. नव्यानं रुजू झालेल्यांना ठिणगी आपल्या पद्धतीनं समजावायची.

"तीन सख्खे भाऊ समजा. तोंडावळा एक, धंदे वेगळे. एक मूत्रपिंडात बसून पाणी राखतो. दुसरा मेंदूच्या तळाशी एका ग्रंथीत असतो. तिसरा रक्तवाहिन्यांत तर असतोच, पण मेंदूतही ठाण मांडून असतो, आणि परका कुणी हद्दीत शिरला की 'जा अंगावर' म्हणणाऱ्यांत त्याचा आवाज मोठा. हाक मारली की तिघंही ओ देतात. आपल्याला ह्या तिसऱ्याच्याच कानात बोळा घालायचाय. बाकी दोघांना पत्तासुद्धा लागता कामा नये."

बोळा बनवायचा म्हणजे मूळ साखळीसारखीच दिसणारी, पण आतून दगाबाज अशी साखळी घडवायची. एखादी कडी काढायची, तिच्या जागी जाडी बसवायची, नाहीतर आरशात दिसावी तशी उलट्या हाताची बसवायची. काचेच्या नळीत रेझिनच्या बारीक कणांवर कडीला कडी जोडत जायचं, शेवटी नाकाडोळ्यांतून पाणी काढणाऱ्या आम्लानं साखळी सोडवायची, शुद्ध करायची, गोठवून सुकवायची. मग कुपीच्या तळाशी कापसासारखं पांढरं काहीतरी उरायचं. त्याला कुणाचा कान सापडतो, हे नंतर कळायचं.

सुरुवातीच्या साखळ्यांनी तिसऱ्याच्या कानात बोळा घातला खरा, पण मूत्रपिंडातल्या भावालाही ढोसलं. कातडीखाली टोचलेले उंदीर पाणी पीत राहिले आणि ते बाहेर टाकायचं विसरले. रक्तातलं मीठ पातळ झालं, मेंदू सुजले. ठिणगी प्राणीघरात पोचली तेव्हा पिंजऱ्यात झटके सुरू होते. पाठी कमानीसारख्या वळलेल्या, जबडे घट्ट आवळलेले, तोंडांतून रक्ताळलेला फेस, मागचे पाय जाळीवर ताडताड आपटतायत. एकानं स्वतःची जीभ तोडली होती.

प्राणीघराचा प्रमुख एक वयस्क पशुवैद्य होता. त्याला सगळे उंदीरमामा म्हणत. जे वाचणारे नव्हते त्यांना तो एकेक करून सुई देत होता.

"ठिणगीताई," तो मागे न बघता म्हणाला, "तुमच्या साखळीनं माझा आख्खा पिंजरा बुडवला. बाहेर सांडलंय का बघा थेंबभर पाणी? तरी बुडून मेले."

ठिणगी पुढे झाली. हातमोजे चढवून त्याच्या शेजारी उभी राहिली आणि उरलेले उंदीर धरून देऊ लागली.

वर्षं गेली. चौथी कडी बदलली की मूत्रपिंडातला भाऊ गप्प बसायचा, पण मेंदूतल्याची पकडही सुटायची. शेपटीतली बदलली की पकड यायची आणि ग्रंथीतला भाऊ जागा व्हायचा. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, असं किती वेळा झालं. तरी ती हटली नाही. रागानं काचेची भांडी फोडायची, मग स्वतःच काचा गोळा करायची आणि परत पहिल्या कडीपासून सुरुवात करायची. शेवटी एक साखळी अशी निघाली, की तिघांपैकी एकालाच तिनं घट्ट धरलं आणि बाकीच्या दोघांच्या दारावरून ती मान खाली घालून निघून गेली.

चाचणीच्या दिवशी सगळी शाखा प्राणीघरात जमली. एक नर त्याच्या मादीसोबत काही दिवस पिंजऱ्यात ठेवलेला होता. आता पिंजरा त्याचा झाला होता. परका नर आत सोडला. घरमालक क्षणभर थिजला, अंगावरचे केस ताठ झाले, आणि तो आडवा होऊन परक्यावर आदळला. चीं चीं असा चिरका आवाज झाला. परका उताणा पडला, घरमालक त्याच्या छाताडावर चढला आणि पाठीचं, कुल्ल्याचं मांस दातांनी ओढू लागला. काचेवर रक्ताचे फटकारे उडाले. उंदीरमामानं जाड कातडी मोजा घालून दोघांना सोडवलं, तरी घरमालक मोज्याला चावत राहिला.

मग त्याच नराच्या मेंदूत, कवटीत बसवलेल्या बारीक नळीतून, ठिणगीच्या साखळीचं पाणी सोडलं. थोडं थांबून दुसरा परका आत टाकला. घरमालक पुढे गेला. हुंगलं. परत हुंगलं. आणि वळून कोपऱ्यात जाऊन दाणे कुरतडू लागला.

शाखाप्रमुखांनी टाळ्या वाजवल्या. "आता तुरुंगांना टाळं लावायची पाळी येणार," ते म्हणाले. सगळे हसले. ठिणगीही हसली, पण तिची नजर त्या कोपऱ्यातल्या नरावर होती. तिच्या डोक्यात धाकटा होता.

धाकट्याचं गाड्यांचे पोचे काढायचं दुकान होतं. ठोकलेली गाडी आणा, हातोडी आणि ठोकळा घेऊन तो पत्रा असा सपाट करायचा की गाडीच्या मालकाला कुठं लागलं होतं ते सापडायचं नाही. गल्लीत सगळ्यांचा लाडका. म्हाताऱ्यांच्या पिशव्या उचलणार, पोरांच्या सायकली फुकट दुरुस्त करणार. आणि घरी बायकोला मारणार. त्याची बायको, म्हणजे ठिणगीची भावजय, चष्म्याच्या दुकानात काम करायची. अंगानं बारीक, बोलणं त्याहून बारीक. डोळ्याखाली काळंनिळं झालं की दुकानातलीच मोठ्या काचांची फ्रेम चढवायची. आई त्यांच्याकडेच राहायची. ठिणगीनं किती वेळा विचारलं, "आई, तो हिला मारतो ना?" आई म्हणायची, "मला कुठं ऐकू येतं बाई."

ठिणगीनं भावाची गचांडी धरली, समजावलं, रडलीही. तो बापासारखा हसायचा नाही, हे त्यातल्या त्यात बरं. तो खाली बघायचा. "ताई, मला काय होतं मलाच कळत नाही. अंगात येतं काहीतरी."

आणि ठिणगी, जी नऊ कड्यांच्या साखळीत अंगात येणारं तेच शोधत होती, ती त्याच्यावर विश्वास ठेवायची.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी ठिणगीच्या दारावर कुणीतरी तळहातानं थापा मारल्या. दार उघडलं तर भावजय. ओढणीनं हनुवटी डोक्याशी बांधलेली. तोंड अर्धवट उघडं, खालचा जबडा एका बाजूला सरकलेला, ओठांतून लाळ आणि रक्त झिरपत गळ्यापर्यंत आलेलं. बोलायला गेली आणि नुसता घोगरा आवाज आला. कालपासून ती तशीच होती.

"बस. बस इथं. मी चप्पल घालते, दवाखान्यात जाऊ," ठिणगी म्हणाली. पण चप्पल घालून होईपर्यंत जिन्यावर पावलं वाजली.

धाकटा आला होता. हातात दुकानातली हातोडी.

ठिणगीनं दार लोटलं. त्यानं खांदा घातला. तिचा डावा हात चौकटीत राहिला आणि दार त्याच्यावर सगळ्या जोरानं आदळलं. बोटांची हाडं मोडली ती तिला कळली, पण दुखलं नाही. दुखायला तेवढी उसंतच नव्हती. धाकटा आत घुसला. "माझ्या बायकोला घेऊन चाललोय, तू मधे पडू नकोस." भावजय टेबलाखाली शिरली होती. त्यानं टेबल उलथवलं, तिच्या वेणीला धरून ओढलं, आणि हातोडी वर नेली.

इस्त्री कपाटावर होती. जुनी, वजनदार. ठिणगीनं ती उजव्या हातानं उचलली आणि भावाच्या कानशिलावर घातली. तो फिरला. तिनं पुन्हा घातली. हातोडी जमिनीवर घरंगळली, तो गुडघ्यांवर आला, मग पाठीवर. ती त्याच्या छातीवर बसली. इस्त्री केव्हाच सुटली होती; आता तिची मूठ चालत होती. नाकाचं हाड तिच्या बोटांखाली सरकलं. दात तुटून तिच्याच मुठीत रुतला. डोळ्याखालचं हाड बसलं आणि तो डोळा रक्तानं भरला. तिला थकवा नव्हता, भीती नव्हती. हात वर जात होता आणि खाली येत होता, आणि दर वेळी खाली येताना तिला बरं वाटत होतं.

कुणीतरी तिचे केस मुळापासून ओढले. ती मागे पडली. मोडक्या जबड्याची भावजय दोन्ही हातांनी तिचे केस धरून घशातून ओरडत होती. त्यात शब्द नव्हते. खाली धाकटा रक्ताची गुळणी करत कुशीवर वळला आणि त्यानं गुडघे पोटाशी घेतले.

पुढे जबड्याच्या तारा निघाल्यावर भावजयीनं सांगितलं, "ताई, तो तुम्हाला 'ताई, बास' म्हणत होता. किती वेळा म्हणाला. तुम्हाला ऐकूच आलं नाही."

दवाखान्यात धाकट्याच्या खाटेशी शिपाई बसवला होता. गुन्हा धाकट्यावर होताच, ठिणगीवरही नोंदला गेला होता. हाताला प्लास्टर घालून ती त्याला भेटायला गेली. त्याचा एक डोळा बांधलेला, दुसरा फुगलेला.

"ताई," तो म्हणाला, "ते तुझं औषध दे मला."

"ते औषध नाहीये रे."

"उंदीर गप्प बसला म्हणालीस ना? कोपऱ्यात जाऊन खात बसला. मलाही तसंच कर."

"ते गोळीनं मेंदूत पोचत नाही. सुईनंही नाही. कवटीला भोक पाडून नळी घालावी लागते."

"पाड मग." तो उघड्या डोळ्यानं तिच्याकडे बघत होता. "तसंही तू अर्धं काम केलंयस."

तिला हसू आलं आणि त्याच हसण्यात ती रडली. शिपायानं तोंड फिरवलं. निघताना मात्र तो विचार तिच्या मनात शिरला होता. पाडलं भोक तर? एका माणसापुरतं? ही चूक नाही, असं स्वतःला पटवायला तिला फार वेळ लागला नसता.

पण त्याच सुमारास उंदीरमामानं तिला बोलावून घेतलं. तो नेहमी थट्टेनं बोलायचा, आज नाही.

"नरांचं झालं. आता माद्यांवर बघायचं ठरलं होतं ना? ओल्या बाळंतिणी घेतल्यात. तुम्ही डोळ्यांनी बघा, मी नुसतं सांगितलं तर पटायचं नाही."

पहिल्या पिंजऱ्यातल्या मादीला नळीतून नुसतं मिठाचं पाणी दिलं होतं. गुलाबी, डोळे मिटलेली पिल्लं घरट्यात वळवळत होती. परका नर आत टाकला. त्याला एक पाऊलही नीट टाकता आलं नाही. मादी त्याच्या तोंडावरच गेली. ओठ फाडला, कान फाडला, त्याला जाळीपर्यंत रेटला आणि तो थरथरत कोपऱ्यात उभा राहिला तरी पुन्हा पुन्हा धडका देत राहिली.

दुसऱ्या पिंजऱ्यातल्या मादीच्या नळीतून ठिणगीची साखळी गेली होती. परका नर आत आला. मादीनं त्याला हुंगलं. तिची हद्द ओलांडून तो घरट्याकडे गेला. ती बघत राहिली. त्यानं एक पिल्लू मानेला धरून उचललं. पिल्लाचा आवाज माणसाला ऐकू येत नाही म्हणतात. ठिणगीला त्याचं उघडं तोंड दिसलं. नरानं त्याचं डोकं चावलं. मादी बाजूला जाऊन अंग चाटू लागली. नरानं दुसरं उचललं.

"काढा त्याला!" ठिणगी ओरडली. उंदीरमामाचा हात आधीच आत गेला होता. दोन पिल्लं गेली, बाकी वाचली. मादी अजून स्वतःचे पंजे चाटत होती.

"हिला तुम्ही शांत केलंत," उंदीरमामा म्हणाला.

ठिणगी बाहेर येऊन पायरीवर बसली. प्लास्टरमध्ये बोटं ठणकत होती. भावावर पहिल्यांदा इस्त्री उचलली तो हात आणि नंतर थांबेना तो हात, दोन्ही एकाच खांद्यातून आले होते. पहिला तिला हवा होता. दुसरा नको होता. कुठल्या कडीनं ते वेगळे करता येतील, हे तिला माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसताना भावाच्या डोक्यात काही ओतायला निघालेली आपण कोण, असं तिला वाटलं. त्या दिवसानंतर भोकाचा विचार तिनं परत केला नाही.

खटला उभा राहिला. भावजयीनं साक्ष दिली. जबडा नीट जुळला नव्हता, त्यामुळे शब्द एका बाजूनं सांडत होते, तरी एकही गाळला नाही. नवरा मारायच्या आधी काय करायचा, ते तिनं सांगितलं. आधी खिडक्या लावायचा. मग रेडिओ मोठा करायचा. मग मनगटावरचं घड्याळ काढून ठेवायचा.

आईला उभं केलं. सरकारी वकिलांनी विचारलं, "आपण शेजारच्याच खोलीत होतात. काही ऐकलंत?"

"माझा कान गेलाय साहेब."

"एकच ना? दुसरा?"

"त्या कुशीवर झोपले होते," आई म्हणाली आणि पदराआड तोंड केलं.

मग ठिणगी. धाकट्याचा वकील तयारीनं आला होता. तिचा छापून आलेला शोधनिबंध त्याच्या हातात होता.

"बाई, मेंदूतला हा एक रिसेप्टर जागा झाला की प्राणी हल्ला करतो, आणि बंद केला की करत नाही, असं आपणच लिहिलंय?"

"उंदरांबद्दल लिहिलंय."

"आपल्या मेंदूतही तो असतो ना?"

"असतो."

"मग जे माझ्या अशिलाच्या रसायनानं केलं, त्याची शिक्षा त्याला का? बहीण म्हणून नको, शास्त्रज्ञ म्हणून सांगा."

धाकटा तिच्याकडे आशेनं बघत होता. लहानपणी पलंगाखालून बघायचा तसाच. तिला वाटलं, आता 'हो' म्हटलं तर तो सुटेल. तिच्या तोंडून त्यालाच नव्हे, बापालाही माफी मिळेल, आणि तिला स्वतःलासुद्धा.

"मी पुष्कळ उंदीर बघितलेत साहेब," ती म्हणाली. "अंगात आलं की उंदीर समोर असेल त्याला फाडतो. मी मधे हात घातला तर मलाही फाडेल. पण हल्ला करायच्या आधी त्यानं खिडक्या लावल्यात, असं मी अजून बघितलं नाही. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून रेडिओ लावणारा उंदीर मला भेटलेला नाही. माझ्या भावाला दुकानात गिऱ्हाईक शिव्या देतात, तिथं तो हसतो. म्हणजे त्याला थांबता येतं. कुठं थांबायचं नाही, ते तो ठरवतो."

वकील तांबडा झाला. "आणि आपण? आपल्या भावाचा डोळा कायमचा अधू झालाय. आपण थांबलात?"

"नाही."

"का नाही थांबलात?"

"मारताना मला बरं वाटत होतं," ठिणगी म्हणाली. "पहिले दोन घाव भावजयीला वाचवायला होते. पुढचे माझे होते. त्याला मी रसायनाचं नाव देणार नाही."

मागच्या बाकावरून आई उठली. "घर बुडवलंस गं!" ती किंचाळली. "पाठच्या भावाला खाल्लंस! बापाची औलाद!" दोन शिपायांनी तिला धरून बाहेर नेलं, तरी व्हरांड्यातून तिच्या शिव्या आत येत राहिल्या.

धाकट्याला काही वर्षांची शिक्षा झाली. ठिणगीला न्यायाधीशांनी ताकीद दिली, की स्वसंरक्षणाची हद्द तू ओलांडलीस, आणि चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. संस्थेत तिनं बाळंतिणींच्या पिंजऱ्यातलं जे दिसलं ते जसंच्या तसं मांडलं. शाखाप्रमुख हिरमुसले. माणसांचं औषध म्हणून त्या साखळीवर फुली पडली; फक्त त्या एका रिसेप्टरचा अभ्यास करायला ती इतर प्रयोगशाळांत जाऊ लागली. ठिणगी पुढच्या साखळीला लागली. मोडलेली बोटं थंडीत आखडायची, बारीक नळ्या धरताना थरथरायची, पण काम अडलं नाही. आई एका लांबच्या बहिणीकडे राहायला गेली आणि तिनं लेकीचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं. ते तिनं शेवटपर्यंत पाळलं.

भावजयीनं घटस्फोट घेतला, चष्म्याच्या दुकानाजवळ खोली केली. ठिणगी अधूनमधून जायची. एकदा भावजयीच्या हातून बशी पडून फुटली आणि दोघीही एकदम भिंतीला चिकटल्या, नि मग एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. हसता हसता भावजयीचा जबडा अडकला आणि तो बसवायला डॉक्टर गाठावा लागला.

तुरुंगात ठिणगी दर महिन्याला जायची. पहिल्या भेटीत धाकटा मधल्या काचेवर थुंकला. त्यानंतर कित्येक महिने बाहेरच आला नाही. ती बाकावर बसून वेळ संपेपर्यंत थांबायची आणि परत यायची. मग कळलं की आत मारामारी झाली, त्यानं एकाचं डोकं फोडलं आणि दुसऱ्यानं टोकदार पत्रा त्याच्या बरगड्यांत घातला. वाचला. त्यानंतरच्या भेटीला तो आला. वाळला होता, अधू डोळ्याची पापणी अर्धी मिटलेली. काचेपलीकडचा फोन त्यानं कानाला लावला.

"तिचा जबडा बरा झाला?" त्यानं विचारलं.

"एका बाजूनं चावते. हसली की अडकतो."

त्यानं मान हलवली. मग फोन खाली ठेवला आणि मूठ वळून काचेवर मारली. पुन्हा मारली. सांधे फुटून काचेवर रक्त आलं. पहारेकरी धावले, त्याला दंडांना धरून मागे ओढलं. दारापर्यंत नेलं तेव्हा तो एकदम सैल पडला आणि आपणहून चालू लागला.

ठिणगी फोन तसाच कानाला धरून बसली होती. पलीकडून कुणी काच पुसायला येईपर्यंत बसली. मग उठून फाटकापाशी गेली आणि पुढच्या महिन्याच्या भेटीसाठी नाव सांगितलं.